टप्प्यांची सायकल-शर्यत आणि घाट

शर्यत म्हटली म्हणजे आपण प्रथम विचारतो ते एवढेच की, पहिला कोण आला? शंकरपटात जी बैलजोडी आधी निशाण ओलांडते तिने बाजी मारली. शाळेच्या क्रीडांगणावर ज्या मुलाची छाती फितीला आधी लागली तो जिंकला. ह्यात समजण्यास अवघड असे काही नाही, व म्हणूनच असल्या शर्यती पाहताना लहानथोर सारखेच रमतात. परंतु सायकलींची एक शर्यत अशी आहे की, तीत शेवटच्या दिवशी सर्वांच्या आधी रेषा ओलांडणारा इसम एक असतो आणि सगळ्या शर्यतीचा विजेता म्हणून ज्याला मान मिळतो तो बहुधा निराळाच असतो. कधी कधी तर ह्या विजेत्याने एकाही दिवशी पहिला क्रमांक पटकावलेला नसतो! पाहणाऱ्याला हा उघड अन्याय वाटतो. तो अन्याय नव्हे हे सांगावे, आणि सांगता सांगता डोंगरातला एखादा घाट अशा शर्यतीत कोणते काम करतो तेही उलगडावे, एवढ्यासाठी, श्रोतेहो, आजचे हे भाषण आहे.

विषय आता आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. २०२६ सालच्या जानेवारी महिन्यात १९ तारखेपासून २३ तारखेपर्यंत ‘पुणे ग्रँड टूर’ ह्या नावाची शर्यत पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर झाली. देशोदेशींचे धंदेवाईक सायकलपटू तीत उतरले होते. एकंदर अंतर सुमारे ४३७ किलोमीटर. प्रारंभी पुणे शहरात एकेकाने एकट्याने घड्याळाशी झुंजण्याची एक आखूड परीक्षा, आणि त्यानंतर चार दिवस चार टप्पे. मुळशी-मावळचे डोंगर, पुरंदरच्या चढणी आणि बारामतीकडचा सपाट मुलूख असा सगळा पालट त्या वाटेत होता. अशी शर्यत रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्याची मोठी पंचाईत होते. तासभर वाट पाहावी, रंगीबेरंगी सदऱ्यांचा एक लोंढा सळसळत यावा आणि अर्ध्या मिनिटात वळणाआड नाहीसा व्हावा! कोण पुढे, कोण मागे, कशासाठी पुढे आणि कशासाठी मागे, ह्याचा पत्ता लागत नाही. तो लागावयाचा तर आधी हिशेबाचा नियम समजून घेतला पाहिजे.

नियम साधा आहे. प्रत्येक टप्प्याला प्रत्येक गड्यास लागलेला वेळ मांडावयाचा आणि सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज करावयाची. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो शर्यतीचा विजेता. आमच्या शाळेत वार्षिक निकालाच्या दिवशी हेच होत असे. वर्गात पहिला येणारा मुलगा गणितात दुसरा, भाषेत तिसरा आणि भूगोलात चौथा असू शकतो. मात्र तो कोणत्याही विषयात गळपटलेला नसतो. ह्याला आपण अन्याय म्हणत नाही. आता ह्या नियमाला एक पोटनियम आहे, आणि सगळी गंमत त्यात आहे. एका घोळक्यात अगदी लगटून जितके गडी रेषा ओलांडतात तितक्या सर्वांना त्या दिवशी एकच वेळ मिळते. म्हणजे शंभर जणांच्या जथ्यात जो पहिला आणि जो नव्वदावा, त्या दोघांच्या बेरजेत काडीचाही फरक पडत नाही. पहिल्या तिघांना काही सेकंदांची सूट बक्षीस म्हणून देण्याची चाल आहे, परंतु ती सूट सेकंदांची, मिनिटांची नव्हे. तेव्हा सपाट रस्त्यावर रोज पहिला येऊन हात उंचावणारा गडी वर्तमानपत्रात छायाचित्र मिळवतो खरा. शर्यत मिळवीलच असे नाही. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा १९९० साली फ्रान्सची जगप्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ एकही टप्पा न जिंकता जिंकला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८९ साली, ह्याच लेमाँडने फ्रान्सच्या लोराँ फिन्योंला मागे टाकले तेव्हा ३२०० किलोमीटरांहून अधिक धावल्यानंतर दोघांच्या बेरजांत आठ सेकंदांचे अंतर होते. हे आठ सेकंद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांच्याशी आपले काम पडणार आहे.

आता प्रश्न असा की, घोळक्यातून सुटून वेळ कमवावा तरी कसा? येथे वारा आणि डोंगर हे दोघे पंच म्हणून येतात. पॅरिसपर्यंत न जाता आपण आपल्या खानदेशच्या नकाशावरच एक काल्पनिक शर्यत मांडू. पहिला टप्पा जळगावहून एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्यापर्यंत. दुसरा धुळ्याहून दक्षिणेस चाळीसगाव, व तेथून घाट चढून कन्नडपर्यंत. तिसरा कन्नडहून तोच घाट उतरून चाळीसगाव, भडगाव, पाचोरा करीत परत जळगावला. तीन दिवस, तीन टप्पे. हंगाम उन्हाळ्याचा धरू, कारण त्या दिवसांत आपल्याकडे पश्चिमेचा वारा कसा सुटतो हे मी सांगावयास नको.

पहिल्या दिवशी जळगाव सोडून बांभोरीजवळ गिरणा ओलांडली की हा वारा समोरून छातीवर येतो. मी सारी नोकरी सायकलीवरून शाळेत जाऊन केली. समोरचा वारा म्हणजे काय ते माझ्या मांड्यांना ठाऊक आहे. शास्त्र असे सांगते की, सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरांच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या श्रमांपैकी बहुतेक सगळे श्रम हवा बाजूला सारण्यात खर्च होतात. चाकांच्या घर्षणाचा वाटा अगदी थोडा. शिवाय वेग दुप्पट करावयाचा तर हवेपायी लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, आठपट लागते. परंतु जो गडी दुसऱ्याच्या मागे वीतभर अंतर ठेवून चालतो त्याच्यासाठी पुढच्याने हवा फाडून ठेवलेली असते, व मागच्याचे सुमारे एकतृतीयांश श्रम वाचतात. मोठ्या जथ्याच्या पोटात तर ह्याहूनही अधिक वाचतात. पावसाळ्यात एकाच छत्रीखाली मुले चालतात, पण छत्री धरणाराच एका बाजूने भिजतो, तशातला हा प्रकार. म्हणून पारोळ्याच्या पुढे एखादा हौशी वीर एकटाच सुटून पळू लागला तर जाणते लोक घाबरत नाहीत. तो एकटा वाऱ्याशी झगडतो, मागे शंभर जण आळीपाळीने तोंड पुढे काढून वारा झेलतात. आणि धुळ्याचे पहिले दिवे दिसण्यापूर्वी तो हाताशी येतो. सगळे एका घोळक्यात पोहोचतात व सगळ्यांना एकच वेळ मिळते. नव्वद-एक किलोमीटर धावूनही बेरजेत काही घडलेले नसते.

दुसऱ्या दिवशी गाडी दक्षिणेस वळते आणि तोच वारा आता उजव्या अंगाने लागतो. हा बाजूचा वारा फार खोडकर. आडोसा आता पुढच्याच्या पाठीशी मिळत नाही, त्याच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात मिळतो. म्हणून गडी एकामागे एक न राहता तिरपी रांग धरतात, आकाशात बगळ्यांची माळ असते तशी. पण रस्त्याला रुंदी किती? दहा-पंधरा जणांची तिरपी रांग झाली की डाव्या बाजूची कड आली. सोळावा गडी कडेच्या मातीत सापडतो, त्याला आडोसा नाही; तो मागे पडतो, आणि त्याच्यामागचे सगळे त्याच्याबरोबर तुटतात. हुशार संघ नेमकी हीच जागा हेरतात. शेतातली कपाशी निघून रान उघडे झालेले, झाड नाही, भिंत नाही, अशा ठिकाणी ते एकाएकी जोर करतात, व पाहता पाहता एका जथ्याचे तीन-चार तुकडे होतात. सपाट मुलखात वेळ कमावण्याची ही एक वाट. बाकी सारा खेळ चाळीसगावच्या पुढे.

चाळीसगाव सोडले की समोर सातमाळ्याची भिंत उभी राहते. तिच्यातून वर जाणारा घाट आपल्यापैकी पुष्कळांनी एस. टी. च्या खिडकीतून पाहिला असेल. गाडी पहिल्या गिअरात कण्हू लागली म्हणजे माणसे खिडकीबाहेर पाहू लागतात. येथे वेग ताशी वीस किलोमीटरांच्या आसपास येतो. वेग पडला म्हणजे वाऱ्याचा विरोध पडला, आणि वाऱ्याचा विरोध पडला म्हणजे आडोशाची किंमतही पडली. सकाळपासून दुसऱ्याच्या पाठीमागे दडून आलेला गडी आता उघडा पडतो. त्याचे वजन आणि त्याची ताकद ह्यांच्यामध्ये तिसरे कोणी उरत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, परंतु येथे लागणारे गणित मॅट्रिकच्या पलीकडचे नाही. चढाची उभी उंची तीनशे मीटर धरू. सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये असा जागतिक सायकल महासंघाचा दंडक आहे. तेव्हा ६८ किलोंचा गडी आणि सात किलोंची सायकल मिळून ७५ किलो. हे ७५ किलो तीनशे मीटर उचलण्यास सुमारे २,२०,००० जूल कार्य करावे लागते. ते दहा मिनिटांत उरकावयाचे असेल तर दर सेकंदाला ३६७ जूल, म्हणजे ३६७ वॉट. घर्षण आणि उरलासुरला वारा धरून चारशे म्हणा. चारशे वॉट म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहून थोडे अधिक. घरच्या टाकीत पाणी चढवणारा लहान पंप जेवढे ओढतो तेवढे काम हा मनुष्य दोन पायांनी करीत असतो, आणि तेही सकाळपासून पन्नास-साठ किलोमीटर धावून आल्यावर. आपल्यासारखा सामान्य मनुष्य ह्याच्या निम्मी शक्तीसुद्धा दहा मिनिटे टिकवू शकत नाही.

आता ह्याच हिशेबात एक किलो वजन वाढवून पाहा. ७५ चे ७६ झाले. शक्ती तीच राहिली तर वेळ पंच्याहत्तराव्या हिश्श्याने वाढली. दहा मिनिटांचे सहाशे सेकंद, त्यांचा पंच्याहत्तरावा हिस्सा आठ सेकंद. श्रोत्यांना लेमाँडचे आठ सेकंद आठवले असतील! त्याचे ते आठ सेकंद घाटात नव्हे, शेवटच्या दिवशी पॅरिसच्या सपाट रस्त्यावर पदरात पडले ही गोष्ट वेगळी. पण तीन आठवड्यांची शर्यत जेवढ्या फरकाने जिंकली गेली तेवढा फरक एका लहानशा घाटात एका किलोने पडू शकतो. आणि एक किलो म्हणजे काय? सायकलीच्या दांड्याला अडकवलेल्या अर्ध्या अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या.

मग पाणी कोणी वाहावयाचे? येथून ह्या शर्यतीची खरी कथा सुरू होते, असे मला वाटते.

शर्यतीत माणसे एकेकटी उतरत नाहीत. सहा, सात, आठ जणांचे संघ उतरतात, आणि प्रत्येक संघाचा एक नायक असतो. बाकीचे त्याचे सेवक. फ्रेंच भाषेत त्यांना जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी ‘घरगडी’ असा होतो. हा घरगडी मागे संघाच्या मोटारीपर्यंत जातो, सदऱ्याच्या पाठीत, छातीत, मिळेल तेथे सात-आठ बाटल्या कोंबतो आणि पुन्हा जोर करून जथा गाठतो व त्या वाटतो. वाऱ्यात तो नायकाच्या पुढे राहतो. घाट सुरू झाला की पहिली काही वळणे तो आपले सर्वस्व ओतून नायकाला ओढतो, आणि एखाद्या वळणावर एकाएकी बाजूला होतो. त्याचे त्या दिवसाचे काम संपलेले असते. नायकाचे चाक निकामी झाले तर तो आपले चाक काढून देतो. बेरजेच्या तक्त्यात ह्याचे नाव ऐंशीव्या किंवा शंभराव्या ओळीत असते, आणि ते कोणी वाचत नाही.

१९३४ सालची गोष्ट आहे. फ्रान्सच्या संघात रने व्हिएतो नावाचा अवघा वीस वर्षांचा पोर होता. पूर्वी हॉटेलात पडेल ते काम करणारा. डोंगर चढण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. परंतु संघाचा नायक होता आंतोनिन मान्य, आणि बेरजेत पहिला असल्याची खूण असलेला पिवळा सदरा त्याच्याच अंगावर होता. पिरेनीज पर्वताच्या एका उतारावर मान्य पडला, त्याचे चाक मोडले. व्हिएतोने आपले चाक काढून त्याला दिले आणि स्वतः मोटारीची वाट पाहत दगडी कठड्यावर बसला. त्या वेळी त्याच्या डोळ्यांतून वाहणारे पाणी टिपलेले छायाचित्र फ्रान्सभर गाजले. पुढे दुसऱ्याच एका दिवशी मान्यवर पुन्हा प्रसंग आला, तेव्हा हा पुढे निघून गेलेला होता. मागून निरोप आल्यावर तो वळला, उतरलेला डोंगर उलटा चढून आला, आणि ह्या वेळी त्याने आपली सायकलच देऊन टाकली. मान्य शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला आणि डोंगरांतील सरशीचे बक्षीस तेवढे त्याला मिळाले. ती शर्यत त्याला पुढेही कधी जिंकता आली नाही. त्याने दिले नसते तर काय झाले असते, ह्यावर फ्रेंच लोक अजून वाद घालतात. मला विचाराल तर त्या वर्षीच्या विजयाच्या पत्रकावर दोन सह्या असावयास पाहिजे होत्या. परंतु नियमाच्या पुस्तकात एकीचीच जागा आहे.

अशा शर्यतीत डोंगर घालण्याची कल्पना प्रथम निघाली तेव्हा ती अघोरी वाटली होती. ‘तूर द फ्रान्स’ १९०३ साली सुरू झाली ती एका वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून. संपादक आंरी देग्रांज हे तिचे चालक. ते वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापले जाई, आणि १९१९ पासून आघाडीच्या गड्यास मिळू लागलेला सदरा पिवळा झाला त्याचे कारण बहुधा हेच. प्रारंभी मोठमोठे पर्वत वाटेत नव्हते. १९१० साली पिरेनीजमधील तूरमाले खिंडीतून शर्यत न्यावी असे अदोल्फ स्तेनेस ह्या देग्रांज ह्यांच्या सहकाऱ्याच्या मनात आले, व तो वाट पाहण्यास निघाला. तूरमालेची उंची २११५ मीटर. म्हणजे आपले कळसूबाईचे शिखर, जे महाराष्ट्रात सर्वांत उंच, त्याच्याही वर सुमारे पावणेपाचशे मीटर. वाटेत बर्फ साचलेले, मोटार अडली, हा गृहस्थ रात्री पायी निघाला, चुकला, घसरला, आणि लोकांनी शोधून काढावे लागण्याची पाळी आली. दुसऱ्या दिवशी त्याने संपादकाला तार केली ती अशा अर्थाची की, खिंड ओलांडली, रस्ता उत्तम आहे! ह्या थापेच्या जोरावर त्या वर्षी शर्यत तेथून गेली. एका दिवसाचे अंतर ३२६ किलोमीटर, वाटेत चार मोठ्या खिंडी, सायकलीला आजच्यासारखे गिअर नाहीत. चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या यंत्राला त्या शर्यतीत १९३७ सालापर्यंत परवानगीच नव्हती. ओक्ताव्ह लापीझ काही ठिकाणी सायकल हाती धरून चालत वर गेला, चालकांना त्याने खुनी म्हटले, आणि तो टप्पा व ती शर्यत दोन्ही जिंकला.

त्याच तूरमालेवर १९१३ साली उजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक ज्या दोन दांड्यांत बसवलेले असते तो, उतारावर मोडला. दुरुस्ती ज्याची त्यानेच करावी असा नियम. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली, दहा-बारा किलोमीटर डोंगर पायी उतरून तो खालच्या गावी लोहाराच्या शाळेत गेला, आणि लोहार नुसता सांगत असता ह्याने स्वतः भट्टीत लोखंड तापवून ऐरणीवर चिमटा जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. हातोडा दोन्ही हातांनी चालवावयाचा तर भाता कोण ओढणार? म्हणून गावातल्या एका मुलाने भाता ओढला. आणि दुसऱ्याची मदत घेतली एवढ्यावरून पंचांनी त्याच्या वेळेत दंडाची मिनिटे चढवली! तीन-चार तास आधीच गेलेले होते. शिस्तीचा मी भोक्ता आहे, पण हा दंड लिहिताना पंचाचे बोट थोडे थरथरावयास हवे होते.

ह्या कथा ऐकताना मजा वाटते. परंतु घाटाचा दुसरा चेहराही आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. चढताना वेग वीसचा, तर उतरताना तो ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरांपर्यंत जातो. अंगठ्याएवढ्या रुंदीच्या टायरवर, अंगात एक पातळ सदरा. १९९५ साली फाबियो कासार्तेल्ली हा ऑलिंपिक विजेता इटालियन तरुण पिरेनीजच्या उतारावर पडून डोक्याला मार बसून मरण पावला. ‘डोक्यावर टोप घालणे गैरसोयीचे’ अशी तक्रार गडी करीत. शेवटी २००३ साली आंद्रेई किव्हिलेव्ह हा कझाकस्तानचा गडी शर्यतीत पडून दगावल्यानंतर टोप सक्तीचा झाला. दुसरे संकट उघड दिसत नाही. १३ जुलै १९६७ रोजी इंग्लंडचा टॉम सिम्प्सन व्हाँतू पर्वतावर रणरणत्या उन्हात कोसळून मेला. त्याच्या शरीरात उत्तेजक औषध सापडले. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगची ‘तूर’मधील सातही विजेतेपदे अशाच औषधांपायी २०१२ साली काढून घेण्यात आली. सेकंदांचा हिशेब आपण आताच केला; तो इतका बारीक असतो, म्हणूनच मोहही मोठा असतो. आठ सेकंद दोन बाटल्यांत सापडतात, तसे ते एका सुईतही सापडतात.

आपल्या महाराष्ट्राला घाट आणि सायकल ह्यांचे नाते नवे नाही. मुंबई-पुणे सायकल-शर्यत १९४५ सालापासूनची. तीत खोपोलीच्या पुढे बोरघाट चढून जो पहिला वर येतो त्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब. मला हा शब्द फार आवडतो. फ्रेंचांनीही डोंगरातल्या सरशीसाठी १९३३ पासून वेगळे बक्षीस ठेवले आहे आणि १९७५ पासून त्याला पांढऱ्यावर तांबड्या ठिपक्यांचा सदरा दिला आहे. पण ‘घाटाचा राजा’ म्हटल्यावर जे चित्र उभे राहते ते ठिपक्यांनी राहत नाही. मात्र ती शर्यत एका दिवसाची. घाटात राजा झालेला गडी पुण्यापर्यंतच्या सपाटीवर पुन्हा रयत होऊ शकतो, आणि दुसरा दिवस उजाडतच नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड आडवे ओलांडण्याची शर्यत दोघांच्या संघात पुरी केली. तिचा प्रकार आणखी निराळा. तेथे टप्पे नाहीत, रात्र झाली म्हणून घड्याळ थांबत नाही, आणि हे दोघे एकमेकांना विसावा देत जवळजवळ नऊ दिवस धावत राहिले. टप्प्यांच्या शर्यतीत घड्याळ रोज संध्याकाळी थांबते. त्यामुळे काम सोपे होते असे कोणी समजू नये. रात्री अंग आखडते, सकाळी जिना उतरताना गुडघे बोलतात, आणि पुन्हा तोच घोळका, तोच वारा. कालचा घाटाचा राजा आज आपल्या नायकासाठी पाणी आणावयास मागे जातो.

आपल्या काल्पनिक शर्यतीचा तिसरा टप्पा राहिला. कन्नडहून घाट उतरून पाचोऱ्यावरून जळगाव. ही शर्यत कागदावरून रस्त्यावर आणावयाची तर मालमोटारींची रहदारी त्या वेळेपुरती संपूर्ण बंद ठेवावी लागेल, वळणावळणावर पहारा बसवावा लागेल, खड्डा एकही चालणार नाही. ज्या घाटात पावसाळ्यात दरड कोसळून वाट बंद पडते तेथे हे काम स्वस्तात होणारे नव्हे. ते स्वस्तात करू पाहणाऱ्याने ते करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण कोणी नीट करील तर पाहावयास कोठे उभे राहावे, हे मी श्रोत्यांना आजच सांगून ठेवतो. शेवटच्या रेषेपाशी जाऊ नका. तेथे दोन-चार दिवस बँडचा आवाज आणि पुढाऱ्यांच्या पाठी ह्यांखेरीज काही दिसावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दशमी-चटणी बांधून घ्या, पाण्याची सुरई घ्या, आणि घाटाच्या निम्म्याहून वर, जेथे वळण संपून चढ एकाएकी उभा होतो, तेथे आतल्या बाजूला सावली धरून बसा. तेथे गडी माणसाच्या धावण्याच्या वेगाने येतात आणि प्रत्येकाचा चेहरा दिसतो. पाच-सहा जण आधी येतील. त्यांतला कोण कोणाकडे वळून पाहतो ते बघा, कारण जो वारंवार मागे पाहतो त्याचे पाय रिकामे झालेले असतात. मग एकेकटे येतील, मग मोटारी.

आणि मोटारी गेल्या म्हणून उठू नका. पहिल्याला लागलेल्या वेळेच्या एका ठरावीक प्रमाणाच्या आत जो पोहोचत नाही तो शर्यतीतून बाद होतो. त्यासाठी मागे राहिलेले सगळे, सपाटीवर वेगाने जिंकणारे धिप्पाड गडी, काल पडून खरचटलेले, आणि ज्यांनी सकाळपासून पाणी वाहिले व वारा झेलला ते घरगडी, निरनिराळ्या संघांचे असूनही एकत्र जमतात आणि घड्याळाकडे पाहत, एकमेकांना सांभाळीत, ठरलेल्या चालीने चढत येतात. ह्यांच्यात चढाओढ नसते. पुढच्या घोळक्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी हा घोळका तुमच्या वळणावर येईल. त्यांना टाळ्या वाजवा. आणि कोणी बाटली पुढे केली तर तीत आपल्या सुरईतले पाणी ओतू नका, नुसते हात हलवा. परक्याच्या हातचे पाणी घेतल्याबद्दल दंड होतो की नाही, हे त्या त्या शर्यतीच्या पंचांवर आणि घाटातल्या जागेवर अवलंबून असते, आणि क्रिस्तोफला भाता ओढून देणाऱ्या मुलाचे काय झाले ते आपण ऐकले आहे.